सणाचे ताट आणि मुलांचे हात : गोव्याच्या स्वयंपाकघरातील इतिहास

शाळेच्या या स्मृतिव्याख्यानासाठी इतिहासाचा एखादा विषय घ्यावा, अशी सूचना आली तेव्हा श्रोत्यांच्या मनात एखादा दुर्ग, एखादे देवालय किंवा मुक्तिलढ्यातील एखादे प्रकरण असणार, हे उघड होते. मी मात्र विषय निवडला आहे तो स्वयंपाकघराचा. त्यातही सणासुदीच्या दिवसांत मुलांना हाताशी घेऊन जे रांधले, वाफवले, तळले आणि भाजले जाते त्याचा. विषय घरगुती आहे म्हणून तो हलका आहे, असे समजण्याचे कारण नाही. गोव्याच्या गेल्या पाच शतकांत राज्ये बदलली, धर्म बदलले, देवांना नद्या ओलांडून जावे लागले, कागदपत्रांची भाषा परकी झाली. या सर्व उलथापालथीत सामान्य माणसाने काय टिकवले आणि काय नव्याने स्वीकारले, याचा पुरावा दप्तरखान्यापेक्षा चुलीपाशी अधिक सापडतो. तो पुरावा कागदावर लिहिलेला नाही. एका पिढीच्या हातांनी तो पुढच्या पिढीच्या हातांत दिला, आणि हे देणे बहुधा मुलांना सुटी असे त्या सणांच्या दिवसांतच घडले.

मराठी मनाला मुलांच्या रांधण्याची जी सर्वांत जुनी कथा ठाऊक आहे, ती मुक्ताबाईची. आळंदीच्या चार अनाथ भावंडांतील ही धाकटी बहीण सणाला मांडे करावयास निघते. विसोबा चाटी कुंभारवाड्यात जाऊन तिला खापर मिळू देत नाही. आणि ज्ञानदेव आपली पाठ तापवून तिच्यावर मांडे भाजू देतात. ही आख्यायिका आहे, इतिहास नव्हे. तथापि आख्यायिकेतही समाजाचे सत्य असते. बहिष्कार घालावयाचा झाला तर तो भांड्यावर आणि विस्तवावर घालावा, हे त्या काळच्या गावाला पुरते ठाऊक होते. आणि सणाच्या दिवशी मुलांच्या ताटात गोड पदार्थ नसणे ही केवढी मोठी शिक्षा आहे, हेही. मांड्यांचा पदार्थ तर त्याहून जुना. कल्याणीच्या चालुक्यांपैकी तिसऱ्या सोमेश्वराच्या नावावर असलेल्या, बाराव्या शतकाच्या पूर्वार्धातील ‘मानसोल्लास’ या ग्रंथात ‘मंडक’ येतो. आमच्या शेजारच्या बेळगावात तो आजही लग्नकार्यात मानाने मिरवतो.

भांडे आणि विस्तव यांच्याभोवतीची ही रेषा पुढेही कित्येक शतके टिकली. सोवळ्याओवळ्याच्या घरांत मुलांना चुलीच्या परिसरात प्रवेश नसे. मुंज न झालेला मुलगा, परकर नेसणारी मुलगी ही सारी ‘शिवाशिव’ करणारी मंडळी. परंतु सणाच्या तयारीचा आवाका असा असे, की एकट्या सोवळ्यातील बाईच्या हातून तो उरकत नसे. नारळ खोवणे, गूळ चिरणे, तीळ निवडणे, वेलदोडे सोलणे, वाळवणाची राखण करणे ही कामे रेषेच्या बाहेर बसून करता येत, आणि ती मुलांकडे येत. देशावर उन्हाळ्याच्या सुटीत होणारे गव्हले, नखुल्या, मालत्या हे प्रकार घ्या. तांदळाच्या दाण्याएवढा पिठाचा कण बोटांच्या चिमटीत वळावयाचा, आणि तो शेकड्यांनी वळावयाचा. आजी, आत्या, शेजारच्या काकू यांच्या मधे बसून मुली हे शिकत. रुखवतात मांडलेल्या त्या खिरीच्या सामानात कोणाच्या हातचा गव्हला बारीक आणि कोणाचा जाड, हे जाणत्या बायका पाहताक्षणीच ओळखत. हाताला वळण लागणे म्हणजे काय, ते येथे शब्दशः दिसते.

आता गोव्याकडे वळू. १५१० मध्ये पोर्तुगीजांनी तिसवाडी जिंकली. १५४३ पर्यंत बारदेश आणि सासष्टी त्यांच्या हाती आली. त्यांच्याबरोबर दोन गोष्टी आल्या. एक म्हणजे धर्मांतराचा वरवंटा. दुसरी म्हणजे अमेरिका खंडातील बियाणे आणि रोपे. पहिलीची नोंद आपण पाठ्यपुस्तकांत करतो, दुसरीची फारशी करीत नाही. बटाटा, काजू, अननस, पपई, पेरू, कोबी, पाव हे आपले रोजचे मराठी शब्द पोर्तुगीजांच्या वाटेने आले आहेत. मिरचीही अमेरिकेतलीच, तिने मिऱ्याला मागे सारले आणि त्याच्याच नावावर आपले नाव बेतून घेतले. गंमत अशी, की उपवासाला चालणारे म्हणून आज आपण ज्यांना मानतो ते बटाटा, रताळे, शेंगदाणा, हिरवी मिरची आणि साबुदाण्याचा टॅपिओका कंद हे सारे मूळचे अमेरिकेतले. दिवाळीच्या चिवड्यातले शेंगदाणे आणि चवथीच्या नेवरीतला काजू ज्ञानदेवांच्या काळी कोणत्याही मराठी घरात असणे शक्य नव्हते. सनातन म्हणून आपण ज्यांची पाठराखण करतो त्यांतील कित्येक गोष्टी अशा पाहुण्या म्हणून आल्या आणि घरच्या झाल्या.

धर्मांतराच्या बाजूचे चित्र अर्थातच इतके गोड नाही. सोळाव्या शतकात जुन्या काबिजादीतील देवळे पाडली गेली. मंगेश, शांतादुर्गा, म्हाळसा ही दैवते नदीपलीकडे अंत्रुज महालात, म्हणजे आजच्या फोंडे तालुक्यात आणली गेली. १५६० मध्ये इन्क्विझिशनची स्थापना झाली. मध्यंतरीचा अल्प काळ वगळता ती १८१२ पर्यंत चालली. या संस्थेने १७३६ मध्ये काढलेला एक जाहीरनामा अ. का. प्रियोळकर यांच्या संशोधनामुळे आपल्याला परिचित आहे. नवख्रिस्ती कुटुंबांनी पाळू नयेत अशा रीतिरिवाजांची ती लांबलचक यादी आहे. अंगणातील तुळस, विशिष्ट पोशाख, लग्नातील गाणी यांच्याबरोबरच त्या यादीत स्वयंपाकघरही आहे. हिंदूंप्रमाणे मिठावाचून भात शिजवून नंतर वरून मीठ घेऊ नये, असा त्यात स्पष्ट आदेश आहे. भातात मीठ केव्हा पडते हा प्रश्न राजसत्तेला आणि धर्मसत्तेला हुकूम काढण्याइतका महत्त्वाचा वाटला, याचा अर्थ नीट लक्षात घेतला पाहिजे. दोन शतके उलटल्यावरही माणसांचे जुने जग त्यांच्या चुलीपाशी जिवंत होते आणि ते आईकडून मुलाकडे जात होते, याची ही शत्रुपक्षाने दिलेली कबुलीच आहे.

आपल्या गोव्यातील मुलांना चवथ, दिवाळी आणि नाताळ अशा तीन सणांच्या सुट्या मिळतात. या तीन सुट्यांतील खाद्यपदार्थ एकमेकांशेजारी ठेवून पाहिले, म्हणजे हा सारा इतिहास मांडून ठेवल्यासारखा दिसू लागतो.

पहिली चवथ. तिची तयारी रानापासून सुरू होते. वडीलधाऱ्यांच्या मागोमाग मुले माटोळीचे सामान गोळा करावयास जातात. कवंडळाची लाल फळे, कांगणीचे घोस, तोरिंग, सुपारीचे शिपटे यांची नावे पुस्तकातून पाठ होत नाहीत, ती काट्याकुट्यांत हात घालूनच पाठ होतात. घरात तोपर्यंत नेवऱ्यांचे सारण भाजले जात असते. नेवरी म्हणजे करंजीच. परंतु ती करण्यात मुलांचा वाटा मोठा. मोठ्यांनी पारी लाटावी, आजीने सारण भरावे आणि कडा दुमडण्याचे काम मुलांकडे यावे, अशी वाटणी असते. कातण्याने कड कापणे सोपे; बोटांनी मुरड घालणे अवघड. मुरड नीट बसली नाही तर नेवरी कढईत फुटते, सारण तेलात जाते आणि सगळा घाणा काळवंडतो. एका मुलाच्या निष्काळजीपणाचा परिणाम सर्वांच्या ताटात दिसतो, हे नागरिकशास्त्र येथे कोणी शिकवावे लागत नाही.

चवथीच्या आगेमागे पातोळ्याही होतात. हळदीच्या कोवळ्या पानाला तांदळाचे वाटण फासावयाचे, त्यावर गूळखोबऱ्याचे चून पसरावयाचे, पान मिटून वाफवावयाचे. हाच पदार्थ आपल्या ख्रिस्ती शेजाऱ्यांच्या घरी १५ ऑगस्टला, मेरीच्या स्वर्गारोहणाच्या सणाला होतो. श्रावण–भाद्रपदात हळदीची पाने मोठी होतात, आणि पान हाताशी आले की पातोळी होते. सणाचे नाव मात्र घरपरत्वे वेगळे. नेवरीचेही तसेच. हिंदूंच्या चवथीतील नेवरी ख्रिस्त्यांच्या नाताळच्या ताटातही असते. सारणात थोडाफार फरक पडतो, मुरड तीच राहते. ज्या कुटुंबांनी देव बदलला, नाव बदलले, पोशाख बदलला, त्यांनी बोटांची ही मुरड बदलली नाही. ती जाहीरनाम्याच्या यादीत बसण्याइतकी मोठी नव्हती आणि विसरण्याइतकी लहानही नव्हती.

दुसरी दिवाळी. महाराष्ट्रात दिवाळी म्हटले की लाडू, चकली, अनारसे डोळ्यांसमोर येतात. गोव्याची दिवाळी खरी पोह्यांची. रात्रभर नरकासुराच्या प्रतिमेमागे हिंडलेली मुले पहाटे अभ्यंग करून तुळशीपुढे कारीट फोडतात आणि पोह्यांना बसतात. दुधातले, ताकातले, नारळाच्या रसातले, गूळखोबरे कालवलेले, फोडणीचे असे पोह्यांचे प्रकार. जोडीला काळ्या वाटाण्याची उसळ आणि आंबाड्याचे रायते. पोहे हा या भूमीतल्या नव्या भाताचा पदार्थ आहे. घरोघरी पोहे कांडले जात त्या काळी भिजवून भाजलेले भात गरम असतानाच मुसळाखाली जावे लागे. एकाने कांडावे, दुसऱ्याने हलवावे, असा तो जोडीचा खेळ होता. ताल चुकला तर मुसळ बोटांवर यावयाचे. गिरणीने हे काम हलके केले, आणि त्याबद्दल खंत बाळगण्याचे कारण नाही. बायांच्या खांद्यांनी त्या मुसळाची किंमत पुष्कळ मोजली आहे. पोह्यांचे ते पाच प्रकार मात्र गिरणी करून देत नाही. ते करावयास घरात पाच जोड्या हात लागतात, आणि त्यांत लहान हात असणे सोयीचे असते.

तिसरा नाताळ, आणि येथे भट्टीचा प्रवेश होतो. मराठी स्वयंपाकघरात चूल होती, शेगडी होती, तवा आणि कढई होती, भट्टी नव्हती. गहू हे गोव्याचे पीक नव्हे आणि पावासाठी लागणारे यीस्टही येथे नव्हते. तेव्हा माडाच्या सुरीने पीठ फुगवण्याची युक्ती निघाली आणि सासष्टीत पोदेरांचा व्यवसाय उभा राहिला. पोय, उंडो, काकणे हे प्रकार आज गोव्यातील सर्व धर्मीयांच्या सकाळचा भाग आहेत. परंतु हे सहज घडले नाही. विहिरीत पाव टाकून गावे बाटविल्याच्या कथा वसई प्रांतापासून कोकणापर्यंत पिढ्यान्‌पिढ्या सांगितल्या गेल्या. प्रत्यक्षात काय घडले असेल ते असो. पावाचा एक तुकडा माणसाला समाजाबाहेर काढू शकतो, हा धाक मात्र खरा होता. १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये चहा-बिस्किटे पुढे आली आणि तेथे गेलेल्या रानडे, टिळक यांच्यासारख्या धुरीणांवर ग्रामण्य ओढवले, ही गोष्ट तर सर्वश्रुत आहे. एका बिस्किटावरून मोठी माणसे प्रायश्चित्ताच्या वादात सापडली. त्यांच्याच नातवंडा-पतवंडांच्या पिढीत, मराठी शहरांतून दिवाळीच्या आधी मैदा, तूप, साखर घेऊन कोपऱ्यावरच्या बेकरीत नानकटाई भाजून आणावयास मुलांना धाडले जाऊ लागले. भट्टीसमोर रांगेत डबा धरून उभे राहणारी ही मुले आपण एक सामाजिक क्रांती हातात धरून उभे आहोत, हे जाणत नव्हती. क्रांती रुजली की ती तशीच सामान्य दिसते.

नाताळच्या गोड ताटाला गोव्यात ‘कोन्सुआद’ म्हणतात, मंगळुराकडे ‘कुस्वार’. या ताटातील मुलांचा खास पदार्थ म्हणजे कुलकुल. कोकणीत त्याला ‘किडयो’ असे नाव आहे, आणि आकार पाहिला म्हणजे ते पटते. पिठाची छोटी गोळी काट्याच्या पाठीवर किंवा स्वच्छ फणीवर दाबून पसरावयाची आणि गुंडाळून घ्यावयाची. उमटलेल्या रेघांमुळे ती अळीसारखी दिसू लागते. नाताळाआधी एखादी संध्याकाळ ठरवून सारे घर, शेजारपाजार आणि मुले टेबलाभोवती बसून शेकडो कुलकुल वळतात. देशावरच्या गव्हल्यांची येथे आठवण व्हावी. दोन्हींचे मूळ वेगळे, धर्म वेगळा. परंतु कंटाळवाणे काम पुष्कळ हातांत वाटून त्याचा उत्सव करावयाचा, ही रीत एकच. बोलिन्हा या रवाखोबऱ्याच्या बिस्किटांवर सुरीने किंवा काट्याने आडव्याउभ्या रेघा काढण्याचे कामही मुलांचेच. दोदोल मात्र थोरांचा पदार्थ. तांदळाचे पीठ, नारळाचा रस आणि माडाचा काळा गूळ तासन्‌तास ढवळावा लागतो, म्हणून घरातील पुरुष आणि मोठे मुलगे आळीपाळीने पळी धरतात. हा शब्द आणि पदार्थ मलाय प्रदेशातला. १५११ मध्ये मलाक्का घेतलेल्या पोर्तुगीजांच्या समुद्रवाटांशी त्याचे नाते उघड आहे. बिबिंकेची कथा जुन्या गोव्यातील सांता मोनिका मठातील एका जोगिणीशी जोडली जाते. ती कथा असो. पण थरावर थर ओतावयाचा, वरून निखाऱ्यांच्या आचेवर तो भाजावयाचा आणि तो पुरता भाजल्यावाचून पुढचा ओतावयाचा नाही, हा नियम खरा. धीर म्हणजे काय, हे मुलांना समजावून सांगावयाचे असेल तर बिबिंकेजवळ बसवावे.

आणि मग ताटे निघतात. चवथीच्या नेवऱ्या ख्रिस्ती शेजाऱ्याकडे, नाताळचे ताट हिंदू शेजाऱ्याकडे. पूर्वी सनातनी घरांत परधर्मीयांच्या हातचे शिजवलेले चालत नसे. अंड्याचा प्रश्न तर वेगळाच. अशा वेळी समजूतदार शेजारी केळी, नारळ, साखर असे कोरडे जिन्नस धाडीत, आणि दोन्हीकडचा मान राहत असे. परंतु ही देवघेव करणारे हात कोणाचे असत? विणलेल्या रुमालाने झाकलेले ताट घेऊन कुंपण ओलांडणारी व्यक्ती बहुतेक वेळा आठ-दहा वर्षांची असे. मोठ्यांची रेषा मुलांना तितकीशी लागू नव्हती. ताट रिकामे परत धाडू नये म्हणून त्यात मूठभर साखर किंवा एखादे फळ ठेवले जाई, आणि वाटेत त्यातील काय कमी झाले याची चौकशी सुज्ञ आई करीत नसे. गोव्यातील शेजारधर्म टिकला तो सभासंमेलनांतील ठरावांपेक्षा या ताटांमुळे अधिक, असे मला वाटते.

ही विद्या पुस्तकात आली ती बऱ्याच उशिरा. लक्ष्मीबाई धुरंधरांचा ‘गृहिणी-मित्र अथवा हजार पाकक्रिया’ हा ग्रंथ १९१० चा. कमलाबाई ओगल्यांची ‘रुचिरा’ १९७० ची. ‘रुचिरा’ने वाटी-चमच्याची मापे दिली आणि घरापासून दूर संसार थाटणाऱ्या एका संपूर्ण पिढीला आधार दिला. तथापि पुस्तक प्रमाण सांगते, हात सांगत नाही. ‘पीठ कानाच्या पाळीसारखे मऊ असावे’ हे वाक्य वाचून कळत नाही. आजीने आपली बोटे नातवाच्या बोटांवर ठेवली म्हणजे कळते. शिक्षणतज्ज्ञांनीही हे ओळखले होते. १९३७ मध्ये वर्ध्याला गांधीजींनी मांडलेल्या नयी तालीमेत हातांचे काम हे शिक्षणाचे केंद्र होते. ताराबाई मोडक यांनी बोर्डी आणि पुढे कोसबाड येथे बालवाडीत मुलांच्या रोजच्या जीवनातील कामांना स्थान दिले. साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’त श्यामला पत्रावळ लावावयास शिकावे लागते, मुलग्याने का शिकावे, असा प्रश्न त्या घरात मान्य होत नाही. आपल्याकडे मात्र फार काळ या कामाची वाटणी मुलीकडे कष्ट आणि मुलग्याकडे ताट अशी झाली. ही वाटणी म्हणजे परंपरा नव्हे, परंपरेतील अन्याय आहे. तो जपावा असे मी म्हणणार नाही.

आज स्थिती काय आहे? सणाचे सारे पदार्थ बाजारात तयार मिळतात, आणि नोकरी करणाऱ्या आईने ते आणले म्हणून तिला दोष देणे हा कृतघ्नपणा होईल. २०२३ मध्ये गोव्याच्या बिबिंकेला भौगोलिक मानांकन मिळाले. ही आनंदाची गोष्ट आहे. मानांकन नावाचे रक्षण करते. परंतु मुरड घालणारे बोट, थर कधी भाजला हे ओळखणारा डोळा आणि शेजाऱ्याच्या दारात ताट घेऊन जाण्याची सवय यांना मानांकन मिळत नाही. एका पिढीने ही कामे केली नाहीत, तर पुढच्या पिढीला ती शिकवणारे कोणी उरत नाही. देवळे पाडली गेली तेव्हा मूर्ती नदीपलीकडे नेता आल्या. ही विद्या सुटली, तर ती घेऊन जाण्यासाठी तशी नौका नाही.

म्हणून या शाळेतील विद्यार्थ्यांना मी एक छोटा उपक्रम सुचवितो, आणि तो मुलग्यांनीही करावयाचा आहे. येत्या तीन सुट्यांत प्रत्येकी एक पदार्थ घरातील किंवा शेजारच्या वडीलधाऱ्या व्यक्तीच्या शेजारी बसून करा. तो त्यांनी कोणाकडून शिकला, त्या कोणत्या गावच्या, पदार्थाला त्यांच्याकडे कोणते नाव होते, कोणते जिन्नस पूर्वी मिळत नसत, हे वहीत लिहून ठेवा. मापे लिहा, पण हात कसा फिरला तेही लिहा. शक्य असेल तर एक नोंद आपल्यापेक्षा वेगळ्या धर्माच्या घरातील असू द्या. अशा शंभर वह्या शाळेच्या ग्रंथालयात जमल्या, तर त्या गोव्याच्या सामाजिक इतिहासाचे अस्सल साधन ठरतील, आणि ते साधन जमविणारे इतिहासकार आज सहावी-सातवीच्या वर्गात बसलेले असतील. ज्या गुरुजनांच्या स्मरणार्थ आपण येथे जमलो, त्यांनी विद्यार्थ्यांना प्रश्न विचारावयास शिकविले. पहिला प्रश्न विचारण्यास चवथीची सुटी चांगली आहे. तोपर्यंत हळदीची पाने पुरेशी मोठी झालेली असतील.